मे महिन्यासाठी समुद्राच्या रंगांची गोधडी : कापड, अस्तर आणि धुण्याबद्दल सल्ला हवाय

खाडीकाठ | ११ फेब्रुवारी, रात्री ९:४०

मंडळी, घर गुहागर तालुक्यात, समुद्र पायी दहा मिनिटांवर. दर मे महिन्यात चाकरमानी येतात. गेल्या वर्षी एका रात्री पडवीत आणि माजघरात मिळून १७ माणसं झोपली होती. रात्री एकपर्यंत कुणाला अंगावर पंचासुद्धा नको असतो. पहाटे मतलई वारा सुटला की मात्र सगळे पाय पोटाशी घेतात आणि पांघरूण शोधायला लागतात. घरात आहेत त्या कापूस भरलेल्या दुलया. त्या घेतल्या की पाच मिनिटांत घामाघूम. चादरी पातळ आहेत, पण झोपेत गोळा होऊन पायाशी जातात.

म्हणून यंदा हलक्या गोधड्या करायच्या ठरवल्यात, समुद्राच्या थीमच्या. ऑनलाइन ६ मीटर कापड मागवलंय : पांढऱ्यावर निळे नांगर, तारामासे, जहाजाचं चाक. दिसायला फार गोड आहे. आता प्रश्न असे. मध्ये काही भरायचं का? पाठीला काय लावू? कापड आधी धुवायचं की शिवून झाल्यावर? मशीन आहे, हातशिलाईचीही सवय आहे, पण गोधडी अशी पहिलीच.

नेढं | ११ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आधी एक काम करा. त्या कापडाच्या कडेचे चार दोरे काढून काडीने पेटवा, बशीत. कागदासारखे जळून मऊ राख झाली तर सुती. वितळून कडक काळी गुठळी झाली तर पॉलिएस्टर आहे. दोन्ही झालं तर मिश्रण. मग पुढचं बोलू.

देशावरची | ११ फेब्रुवारी, रात्री १०:३२

वाचतेय. आमच्याकडे कोल्हापूर बाजूला हिला वाकळ म्हणतात. ती एवढी जड की पांघरल्यावर कूस बदलायला दुसरा माणूस लागतो. उन्हाळ्याची वाकळ ही कल्पनाच मला नवीन आहे. वाचनखूण साठवली.

तिसऱ्याचा सार | १२ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

माका एक सांगा, ह्यो नांगर खयच्या बोटीचो? आमच्या होडयेचो नांगर चार नख्यांचो. तुमच्या कपड्यार आसा तो गोऱ्या सायबाच्या बोटीचो. आणि तारोमासो जाळ्यात गावलो तर आम्ही परत पाण्यात टाकतंव, तो गोधडेर कित्याक? बांगडो घाला, गोधडी कशी भरल्यासारखी दिसतली.

चेष्टा सोडा. माझ्या आवशीन बापाशीची जुनी लुंगी नि दोन पंचे घालून शिवलेली गोधडी अजून आसा. तिच्यात कापूस नाय, काय नाय. उन्हाळ्यात घरात तिच्यासाठी भांडणा होतत.

खाडीकाठ | १२ फेब्रुवारी, दुपारी ३:२०

@नेढं, जाळून बघितलं. गुठळी झाली. थोडी राखही आहे, पण गुठळीच जास्त. पाकिटावर 'कॉटन ब्लेंड' लिहिलं होतं, त्यातला ब्लेंड केवढा हे मी विचारलंच नव्हतं.

@तिसऱ्याचा सार, नांगराबद्दल हसून पुरेवाट झाली. यजमानांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ह्यांचं खरं आहे.

वस्त्रपुराण | १२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:५०

कापडाच्या धंद्यात २२ वर्षं काढलीत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुती धागा हवेतलं पाणी आपल्यात घेतो. प्रयोगशाळेतल्या ठरावीक हवेत सुताने घेतलेलं पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के भरतं. पॉलिएस्टरचं तेच माप अर्ध्या टक्क्याच्याही आत. तुमच्याकडे मे महिन्यात हवाच दमट, घाम अंगावरून उडत नाही. अशा वेळी अंगालगतचं कापड घाम टिपून दुसऱ्या बाजूने सोडणारं हवं. पॉलिएस्टरखाली तो कातडीवरच राहतो. दुलईत तुम्हाला गुदमरायला होतं त्याचं कारण वेगळं : तिथे कापूसच आहे, पण एवढा जाड की अडकलेली हवा गरम राहते. म्हणजे कापड सुती आणि थर कमी, या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. मध्ये भरायला जो पॉलिएस्टरचा पांढरा थर मीटरवर मिळतो तो तर अजिबात नको.

दोन थरांची गोधडी फार लुळी पडते, पाचांची जड होते. तीन किंवा चार थर, मऊ झालेल्या सुताचे. नवं घ्यायचं तर मलमल किंवा सुती वायल. पॉपलीन हातशिलाईला घट्ट लागतं, सुई अडते. मांजरपाट पाठीला लावतात, पण उन्हाळ्याला ते जाड पडेल.

सुई नंबर सात | १२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

नवं कापड कशाला शोधताय? घरात कुणाची सुती लुगडी नाहीत का?

कोकणात आमच्या आजीच्या तोंडी गोधडी शब्द कमी आणि चौघडी जास्त. चार घड्यांची ती चौघडी. नऊवारीचं माप काढा : ९ वार म्हणजे ३२४ इंच. चार घड्या घातल्या की ८१ इंच, म्हणजे पावणेसात फूट. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंचांचा असतो. एकही कात्री न लावता, एकही जोड न देता एका माणसाचं पांघरूण तयार, चार थरांचं. काठ दोन्ही लांब बाजूंना आपोआप येतात, त्यामुळे गोट, म्हणजे कड झाकणारी पट्टी, फक्त डोक्याशी आणि पायाशी लावायचा. ज्या कुणा बाईने हे पहिल्यांदा केलं तिला माझा दंडवत.

आता चारही पदर सारखे बसवायचे. जमीन पुसून घ्या, चटई नको, चटईच्या रेघा त्रास देतात. लुगडं थोडं ओलसर असतानाच अंथरलं की सरकत नाही. मधोमध एक आणि मग दोन्हीकडे वीतवीत अंतरावर कच्चे टाके घाला, लांब लांब. टाचण्यांवर विसंबू नका. माझी पहिली चौघडी मी टाचण्या लावून चार दिवस तशीच ठेवली होती, ऑगस्टात. खाऱ्या हवेने टाचण्या गंजल्या आणि फिकट पिवळ्या लुगड्यावर साठ-सत्तर तपकिरी ठिपके पडले. लिंबू लावलं, ऊन दिलं, गेले नाहीत. शेवटी प्रत्येक ठिपक्यावर एक फूल भरलं. लोक म्हणतात, किती सुंदर कशिदा! मी गप्प बसते.

सुयाही शिवून झाल्यावर कापडात टोचून ठेवायच्या नाहीत. डबीत टाल्कम पावडर घालून त्यात ठेवा.

टाका साधा धावदोरा. एकेक इंचावर रांगा घातल्या तर ४५ इंच पन्ह्याला ४४ रांगा होतात, प्रत्येक ८१ इंच. हिशोब केला तर ९० मीटर शिलाई भरते. घाबरू नका. रोज दोन रांगा घातल्या तरी महिन्याच्या आत संपते. पॉलिएस्टरचा दोरा मात्र नको. तो सहसा तुटत नाही, पण जुन्या लुगड्यापेक्षा कणखर असल्याने ताण आला की आधी कापडच टाक्यापाशी फाटू शकतं. आपल्याला दोरा तुटलेला परवडतो, लुगडं नाही.

खाडीकाठ | १२ फेब्रुवारी, रात्री ९:१०

सासूबाईंची ट्रंक उघडली. ११ लुगडी निघाली! तीन इरकली आहेत, त्यांना हात लावणार नाही. बाकीची रोजच्या वापरातली, धुऊन धुऊन मलमल झालेली. एक मोरपिशी, एक गडद निळं, एक अगदी ओल्या वाळूच्या रंगाचं. त्या असत्या तर कुठलं फाडू हे त्यांनीच सांगितलं असतं. आता मीच ठरवायचं. अवघड जातंय.

झावळी | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:००

फाडू नका ना, सुई नंबर सात यांनी सांगितलंय तशी घडीची करा.

मी चिपळूणची. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर बाहेर काढलेल्या वस्तूंत सहा गाद्या आणि चार दुलया होत्या. गाळ कापसात शिरलेला, एकेक दुलई दोघांना उचलेना. सगळ्या फेकल्या. आईच्या दोन चौघड्या होत्या, पातळ, आत काही न भरलेल्या. त्या विहिरीवर नेऊन किती पाण्यांतून काढल्या ते मोजलंच नाही. वास जायला चार-पाच दिवस लागले, पण त्या राहिल्या. एक अजून वापरात आहे. निळ्या काठात अजूनही बारीक गाळाची रेघ दिसते, ती आईला काढायची नाहीये.

एवढंच सांगायचं होतं की समुद्राजवळ, नदीजवळ राहणाऱ्याने एका दुपारच्या उन्हात वाळेल एवढंच जाड करावं.

नेढं | १३ फेब्रुवारी, सकाळी ११:४२

यावर काही लिहवत नाही. अनुमोदन.

रंगरेज | १३ फेब्रुवारी, दुपारी १:१५

समुद्राचे रंग हवे असतील तर एखाददुसरं नवं कापडही मिसळा की. दाबू छपाईचं निळं बघा. राजस्थानात बगरूच्या बाजूला चिखल, डिंक, चुना यांचा लगदा ठशाने कापडावर लावतात आणि मग निळीच्या हौदात बुडवतात. चिखल होता तिथे निळ बसत नाही. त्यात जे मागे राहतं ते अगदी ओहोटीनंतरच्या वाळूसारखं दिसतं, कधी तडे गेलेलं, कधी पुसट. कच्छचं अजरखही छान, पण त्याची भूमिती फार शिस्तीची. आपला समुद्र काही तसा नाही.

रंग पक्का करायला रात्रभर मीठ आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवा.

वस्त्रपुराण | १३ फेब्रुवारी, दुपारी २:०५

मिठाचं सोडून बाकी सगळ्याला सहमत.

कारखान्यात सुती कापड रंगवताना रंगाच्या हौदात मीठ घालतात हे खरं. पण ते रंग धाग्याकडे ढकलायला, रंगवताना. एकदा रंगवून झालेल्या कापडाला घरी मिठात बुडवून काही पक्कं होत नाही. निळीचं तर आणखी वेगळं आहे. ती धाग्याशी रासायनिक गाठ बांधत नाही, थरांनी त्यावर आणि त्यात बसते. वरचा सैल थर जाणारच. उपाय एकच : गार पाण्यात वेगळं धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत. नवीन दाबूला पाच-सहा पाणी सहज लागतात. हे न करता वाळूच्या रंगाच्या लुगड्याशेजारी शिवलंत तर वाळूवर भरती येईल.

रंगरेज | १३ फेब्रुवारी, दुपारी २:३०

माझी आजी जन्मभर मीठ घालत आली, तिच्या साड्यांचा रंग कधी गेला नाही.

वस्त्रपुराण | १३ फेब्रुवारी, दुपारी २:४१

आजींनी गार पाण्यात वेगळं भिजवलं आणि सावलीत वाळवलं असणार. काम त्याने केलं, श्रेय मिठाला मिळालं.

तिसऱ्याचा सार | १३ फेब्रुवारी, दुपारी २:५८

मीठ माशाक लावा. वाद मिटलो.

कारवारकडचा | १४ फेब्रुवारी, रात्री ८:००

थोडं अवांतर, पण कामाचं. आमच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी समाज राहतो. पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे ठिगळांची गोधडी, शिवतात. आपण मधून बाहेर जातो, त्या कडेपासून सुरुवात करतात आणि चौकोनात फिरत फिरत मध्यावर येऊन थांबतात. ठिगळं आधी जोडून घेत नाहीत, शिवता शिवताच पुढचा तुकडा ठेवत जातात. चार कोपऱ्यांत कापडाच्या घड्यांची छोटी 'फुलं' लावतात, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. नवशिक्यांना ही पद्धत सोपी जाते असं माझं मत. कडा आधीच बसतात, त्यामुळे शेवटी वाकडं झालं तरी ते मध्ये होतं, आणि मध्ये ते लाटेसारखं दिसतं.

सुई नंबर सात | १४ फेब्रुवारी, रात्री ८:२५

सुंदर. पण घडीच्या चौघडीला मी मधूनच सुरुवात करीन. कडेकडून गेलं तर चार पदरांतला झोळ मध्ये साठतो आणि तिथे चुण्या पडतात. ठिगळांच्या कामात तो झोळ तुकड्यांत जिरतो, अखंड लुगड्यात जिरायला जागाच नसते.

पुळणीवरची | १५ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

नक्षीबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी.

वेळासला (मंडणगड तालुका) ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघून आल्यावर मी कासवाची गोधडी केली होती. तिथे २००२पासून हे संवर्धनाचं काम चालू आहे. पिल्लं फेब्रुवारी-मार्चपासून बाहेर यायला लागतात, तेव्हा जमलं तर जाऊन याच. मी पाठीच्या कवचाचे तुकडे कापताना दोन्ही बाजूंना अगदी समान करत बसले होते. मग फोटो नीट बघितले. या जातीच्या कासवाला पाठीच्या मधल्या रांगेच्या दोन्ही अंगांची खवलं बऱ्याचदा एका बाजूला सहा तर दुसरीकडे सात अशीही असतात! मोजमाप चुकलं की मी आता म्हणते, निसर्गातही असंच असतं.

सरळ रेघांतून लाट हवी असेल तर परदेशी गोधडीवाल्यांचा 'स्टॉर्म ॲट सी' नावाचा नमुना आहे. सगळे चौकोन आणि त्रिकोण, एकही गोलाई नाही, पण लांबून बघितलं की कापड हेलकावतंय असं वाटतं. डोळ्यांची फसगत. मात्र तुकडे बारीक, त्यामुळे प्रत्येक शिवणीला आत कापड दुमडतं आणि पांघरूण जड होतं. उन्हाळ्याच्या गोधडीला मी तो एका पट्टीपुरताच वापरीन.

आणि निळ्याच्या मागे सगळेच लागतात, पण आपल्या किनाऱ्याचा अर्धा रंग जांभ्या दगडाचा आहे. एक काठ तरी तांबडा ठेवा.

खाडीकाठ | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

जांभ्याचं पटलं. आमचं कुंपणच तेच आहे आणि मी तारामासे शोधत बसले होते.

ठरलं असं : गडद निळ्या नऊवारीची चौघडी. वरच्या बाजूला वाळूच्या रंगाची रुंद पट्टी, पायाशी दाबूच्या निळ्याची. गोट तांबडा. रांगा सरळ न घालता जाळ्यासारख्या तिरक्या, दोन्हीकडून. आणि एका कोपऱ्यात एकच मासा.

झावळी | १५ फेब्रुवारी, दुपारी ४:५०

मासा पापलेटच घाला. २०२३पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे तो. आकारही सोपा, पतंगासारखा.

तिसऱ्याचा सार | १५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५:१०

आम्ही सरंगो म्हणतंव. आणि बांगड्याचो ह्यो अपमान आसा.

खाडीकाठ | २२ मार्च, रात्री १०:०५

मदत! तिरक्या रांगा अर्ध्यावर आल्यात. काल पहिल्यांदा धुतली. पायाकडची पट्टी आक्रसलीय आणि तिच्याखालचं लुगडं फुग्यांसारखं वर आलंय. वाळूची पट्टी मात्र व्यवस्थित आहे. दोरा जास्त ओढला का?

वस्त्रपुराण | २२ मार्च, रात्री १०:३०

दोऱ्याचं नाही. दाबूची पट्टी रंग जाईपर्यंत धुतली होती का?

खाडीकाठ | २२ मार्च, रात्री १०:३४

दोन पाणी. पाणी बरंच फिकट आलं म्हणून थांबले.

वस्त्रपुराण | २२ मार्च, रात्री १०:४९

तेच. नवं सुती कापड ३ ते ५ टक्के सहज आटतं, आणि पुरतं आटायला नीट भिजावं लागतं. नुसतं खळबळून भागत नाही. लुगडं ३० वर्षांत आटायचं तेवढं आटून बसलंय. ४५ इंचाच्या पट्टीत दीड-दोन इंचांचा फरक पडतो, तो फुग्यात दिसतोय. पट्टी उसवा, रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, उन्हात वाळवा, इस्त्री करा आणि मग लावा. लांबी कमी पडली तर तांबड्या कापडाचा जोड द्या.

सुई नंबर सात | २२ मार्च, रात्री ११:०२

उसवताना दोरा ओढू नका, दर चौथा टाका कापा आणि मागून काढा. जुनं सूत आहे. आणि वाईट वाटून घेऊ नका. माझे गंजाचे ठिपके आठवा.

खाडीकाठ | ९ मे, दुपारी १:४५

झाली. फोटो टाकलाय, कडेने जरा वाकडा आलाय, कारण गोधडी दोरीवर आहे आणि वारा थांबतच नाही.

वजन केलं, सव्वा किलोच्या आतबाहेर. तांबडा जोड द्यावा लागला, पण तो आता मुद्दाम दिल्यासारखा वाटतो. मासा जोडताना पहिल्यांदा डोळा भलत्या बाजूला गेला, उसवून परत केला. तिरक्या रांगांनी बोटाला घट्टा पडलाय, अंगुस्तान वापरा असं कुणीच सांगितलं नाही!

मोठे दीर काल रात्री आले. पहाटे उठून बघते तर गोधडी त्यांच्या अंगावर. सकाळी काठावर हात फिरवून म्हणाले, हे आईचं निळं ना, हळदीकुंकवाला नेसायची ते. मी हो म्हटलं. ते चहा न घेता थोडा वेळ अंगणात जाऊन बसले.

आता जाऊबाईंना मोरपिशीची हवी आहे. त्या लुगड्याला काठ नाहीत, फाटून गेलेत. मग लांब बाजूंनाही गोट लावावा लागेल का?

सुई नंबर सात | ९ मे, दुपारी २:२०

हो, चारही बाजूंनी. दोन इंच रुंद पट्टी तिरकी कापा, म्हणजे कोपऱ्यात वळेल. आधी भिजवून.

तिसऱ्याचा सार | ९ मे, दुपारी २:३१

सरंग्याचा त्वांड खाडयेकडे आसा की दर्याकडे? फोटोत समाजणा नाय.